भाचीलाही तात्या विंचूनं झपाटलं!

काल रहाटणीत घरी ‘झपाटलेला’ लावला. पहिलीतली भाची मांडीवर, डोळ्यांवर हात, पण बोटांच्या फटीतून बघणं चालूच! लहानपणी मीही ताईच्या पाठीमागून असाच पाहिला होता.

महेश कोठारेंचा हा सिनेमा १९९३ चा. त्यातल्या तात्या विंचूचा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवला. त्यांचे वडील य. के. पाध्ये म्हणजे ‘अर्धवटराव’ या बाहुल्याचे जनक! तात्याच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर.

२०१३ मध्ये दुसरा भाग थ्रीडीत आला. पहिल्या भागात लक्ष्या साकारणारे लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेले होते. कथेत लक्ष्याचा मुलगा झाला आदिनाथ कोठारे. पडद्यावरही पिढी बदलली, बाहुला तोच. माझ्या मते मराठीतली खरी फ्रँचायझी हीच.

तुम्ही ‘झपाटलेला’ पहिल्यांदा कुठे पाहिलात? बाहुल्याबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.