आपणच रचलं, आपणच गायलं

बनशंकरी म्हटलं की मराठी माणसाला आधी बदामी आठवते. पौष पौर्णिमेची जत्रा, शाकंभरीचं नवरात्र आणि कितीतरी मराठी घरांचं कुलदैवत. बंगळुरूच्या दक्षिणेकडची बनशंकरी ही वस्तीही देवीच्याच नावानं ओळखली जाते. इथलं देऊळ 1915 सालचं. राहुकाळात बायका लिंबू अर्धं कापून पिळतात, साल उलटी करून तिची वाटी करतात आणि त्यात वात लावतात. या भागात बायकांची भजनी मंडळंही भरपूर. तिथे पुरंदरदास, कनकदासांची देवरनामं, म्हणजे कन्नड भक्तिपदं, होतात, आणि त्यांच्या जोडीनं काही पदं अशी होतात जी बायकांनीच रचली आहेत. त्या बायकांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, म्हणून हा लेख.

स्वतः गाणी रचून स्वतः गाणारी बाई म्हणजे हातात गिटार घेतलेली जोनी मिचेल, असं चित्र आज पटकन डोळ्यांपुढे येतं. 1971 च्या तिच्या 'ब्लू' अल्बमचं मोल मोठंच आहे. पण कन्नड मुलखात अक्कमहादेवी बाराव्या शतकात वचनं रचत होती, आणि आपली जनाबाई त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांतली. अठराव्या शतकात राणेबेन्नूरला जन्मलेल्या हेळवनकट्टे गिरिअम्मा याच वाटेवरच्या. त्यांचं सासर मलेबेन्नूर. हरिदास परंपरेतल्या गोपालदासांचा त्यांना अनुग्रह होता. मलेबेन्नूरजवळच्या हेळवनकट्ट्याचा रंगनाथ हे त्यांचं दैवत, आणि पदाच्या शेवटी येणारी त्यांची मुद्राही त्याचीच. कन्नडमध्ये या मुद्रेला अंकित म्हणतात. पुरंदरदासांच्या पदात जसा 'पुरंदर विठ्ठल' येतो, तसा गिरिअम्मांच्या पदात 'हेळवनकट्टे रंग' येतो. जनाबाईंच्या अभंगात 'जनी' स्वतः हजर असते. गिरिअम्मांच्या पदात देवाचं नाव येतं, बाईचं येत नाही. अंकित कुणाचं ते ठाऊक नसेल, तर ऐकणाऱ्याला कळतही नाही की हे बाईनं लिहिलंय.

गिरिअम्मांनी सुटी पदं रचली, तशी लांबलचक कथागीतंही रचली. त्यातली चंद्रहासाची कथा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जैमिनी भारतातली ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही तोंडपाठ होती. दुष्टबुद्धी प्रधान चंद्रहासाच्याच हाती आपल्या मुलाला पत्र धाडतो: हे घेऊन येणाऱ्याला विष दे. वाटेत बागेत चंद्रहासाला झोप लागते. प्रधानाची मुलगी विषया तिथे येते, पत्र वाचते आणि डोळ्यातल्या काजळानं एक अक्षर वाढवते. 'विष'चं 'विषया' होतं आणि मृत्यूच्या जागी लग्न लागतं. बहुतेक बायकांच्या हाती लेखणी नव्हती अशा काळात एक बाई ही कथा रचते, आणि पिढ्यान्‌पिढ्या बायका ती गातात. त्या गोष्टीत जीव वाचतो तो मुलीला वाचता-लिहिता येतं म्हणून. गाणाऱ्या बायकांच्या मनात इथे काय हलत असेल, याचा विचार केल्याशिवाय मला ही कथा ऐकवत नाही.

त्यांच्यानंतर शतकभरानं हरपनहळ्ळीच्या भीमव्वा आल्या (1823–1903). 'भीमेशकृष्ण' हे त्यांचं अंकित. त्यांच्या रचनांत आरतीची, सणावाराची, घरातल्या मंगलकार्याची गाणी पुष्कळ. अशा रचनांना अभ्यासक बरेचदा 'संप्रदायगीतं' म्हणून बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. हळदीकुंकवाला, हाताला काम असताना, शेजारणीच्या सुरात सूर मिसळून गाता येईल अशी चाल आणि अशी ओळ बांधणं हे मोठ्या कारागिरीचं काम आहे. गाणं लांबलं तर आरती खोळंबते, अवघड झालं तर मागच्या बाया गप्प होतात. भीमव्वांची पदं आजही गळ्यांत आहेत, कारण त्यांनी हे सगळं सांभाळलं.

आपल्याकडे बहिणाबाई चौधरींचं (1880–1951) असंच. अक्षरओळख नव्हती, गाणी जात्यावर आणि शेतात जन्मली. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती उतरवून घेतली म्हणून वाचली. 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक आलं, तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. जात्यावरच्या ओव्या जमवणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या प्रकल्पात तर लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. गाणाऱ्यांची नावं तिथे लिहून ठेवली आहेत. ओवी पहिल्यांदा कुणाला सुचली, ते मात्र बहुतेक वेळा हरवलेलंच.

गिरिअम्मा आणि भीमव्वांच्या बाबतीत ते हरवलेलं नाही. अंकितानं ते जपलंय. तरीही मैफलीत किंवा रेकॉर्डिंगवर गायिकेचं आणि संगीतकाराचं नाव येतं, आणि रचना 'पारंपरिक' म्हणून मोकळी सोडली जाते तेव्हा वाईट वाटतं. ज्या पदाच्या शेवटी कर्त्रीची खूण आहे, ते पारंपरिक कसं? भजनी मंडळांतल्या बायकांच्या हस्तलिखित वह्यांत पदाखाली राग-ताल लिहिण्याची पद्धत असतेच. तिथेच 'भीमव्वा' किंवा 'गिरिअम्मा' एवढा एक शब्द आणखी लिहायला जागा आहे.