थट्टेतली पत

वस्तू जितकी महाग तितकी तिच्या मालकाची ऐट मोठी, असा जगाचा सर्वसाधारण रिवाज आहे. जुन्या व स्वस्त मोटारींचा नाद असलेल्या मंडळींत मात्र हा रिवाज पार उलटा झालेला दिसतो. तेथे कमीत कमी पैशांत गाडी मिळवणाऱ्याला मानाचे पान मिळते. रविवारी सकाळी ओळखीच्या मेकॅनिकच्या दुकानासमोर चहाचे पेले हाती घेऊन असे चार-सहा जण जमले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितीला पडली?" "पंचावन्नला" असे उत्तर आले की दुसरा लगेच विचारतो, "गाडीचे पंचावन्न, की आतल्या टेपचे?" तिसरा बॉनेटवर थाप मारून म्हणतो, "हा रंग कंपनीचा की गंजाचा?" गाडीचा मालक मुळीच रागावत नाही. "हॉर्न सोडून बाकी सगळे वाजते," असे सांगून तो स्वतःच हशा पिकवतो.

वरवर पाहता ही रिकाम्या वेळची मस्करी वाटते. परंतु व्यापारी कानाने ऐकले तर तिच्यात मालाची पारख चाललेली आढळते. रंगावरच्या विनोदाने पत्रा सडल्याची नोंद होते. 'सगळे वाजते' म्हणताना खालचे बुश व जोड ढिले झाल्याची कबुली दिली जाते. "पेट्रोलसोबत ऑइलही टाकीतूनच द्या हिला," असे कोणी म्हटले की इंजिन ऑइल पिते हे सर्वांना कळते. हसता हसता गाडीचा प्रत्येक दोष चारचौघांत मांडला जातो, आणि तो सांगण्याचा पहिला मान मालकाचा असतो.

याचे महत्त्व अर्थशास्त्रानेही ओळखले आहे. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. अमेरिकी बोलीत फसव्या गाडीला 'लेमन' म्हणतात, म्हणून निबंधाचे नाव 'द मार्केट फॉर लेमन्स'. त्याचे म्हणणे असे : गाडीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे घेणारा चांगल्या गाडीलाही मध्यमच भाव देऊ करतो. त्या भावाला चांगल्या गाडीचा धनी राजी होत नाही व आपली गाडी बाजारातून काढून घेतो. मागे उरतो तो हलका माल. मग भाव आणखी उतरतो आणि उरलेसुरले चांगले विक्रेतेही निघून जातात. या विचारासाठी अकरलॉफ यांना २००१ साली अन्य दोन अर्थशास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या पेढी चालत आली, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. भेसळीचे एक पोते सबंध वखारीचा भाव पाडते, हे त्यांनी पाहिलेले असते.

या मंडळींची थट्टा म्हणजे त्या रोगावरचा घरगुती उपाय होय. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तरी मेकॅनिक तोच असतो आणि पुढच्या रविवारी चेहरेही तेच असतात. दोष लपवणाऱ्याचे बिंग पंधरा दिवसांत फुटते व त्यानंतर त्याच्या गाडीकडे कोणी फिरकत नाही. दोष सांगणाऱ्याला मात्र चार पैसे कमी मिळाले तरी त्याची पत वाढते आणि त्याची पुढची गाडी बोलण्याआधीच विकली जाते.

या मंडळींना खरा चेव येतो तो बाजारातली ठरीव वाक्ये ऐकून. "डॉक्टरांची गाडी आहे, एकहाती वापरलेली," असे विकणारा सांगतो. "सगळ्या गाड्या डॉक्टरांच्याच, मग रोगी काय चालत येतात?" असा प्रतिप्रश्न तयार असतो. "फक्त चाळीस हजार किलोमीटर चालली," असे म्हटले की कोणी तरी वाकून क्लचच्या पॅडलचे रबर पाहतो. रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, तर मीटर मागे फिरवला असावा. काचांच्या कोपऱ्यांत निर्मितीची खूण असते. एकाच काचेवरची खूण निराळी आढळली तर ती काच का बदलली, हे विचारावे. टायरवरच्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरले असण्याचा संभव असतो. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, काळा धूर पेट्रोल अधिक जात असल्याचे. हे सारे ज्ञान येथे विनोदाच्या पुडीत बांधून फुकट वाटले जाते.

स्वस्त गाडीचा हिशेबही ही मंडळी चोख ठेवतात. आयकरात मोटारीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरतात, हे वाचकांस माहीत आहेच. विमा कंपन्यांची पद्धत निराळी असते. चार वर्षे उलटून पाचव्यात गेलेल्या गाडीचे विमामूल्य काढताना त्या ५० टक्के घसारा धरतात. म्हणजे आठ लाखांच्या गाडीतले चार लाख पहिल्या धन्याने सोसलेले असतात. दहा-बारा वर्षांच्या गाडीत घसरायला फारसे काही उरतच नाही. म्हणून ही मंडळी खरेदीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च एकत्र करून, विकून आलेली रक्कम त्यातून वजा करतात व महिन्यांनी भागतात. "मला महिना नऊशेला पडली" हे त्यांच्यातले सर्वांत मोठे बिरूद.

त्यांच्या लाडक्या गाड्यांनाही कारणे आहेत. मारुती ८०० ही डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन, सुटे भाग गावोगावी उपलब्ध आणि हात लावू शकणारा मेकॅनिक प्रत्येक तालुक्यात. त्याहून जुनी प्रीमियर पद्मिनी आपल्या मंडळींना विशेष जवळची वाटावी. ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनली, आणि तो बांधणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली होती. मुंबईतील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. हौशी मंडळींकडच्या खासगी पद्मिनी मात्र अजून दिसतात, आणि स्टिअरिंगजवळचा तिचा गिअर टाकता येणाऱ्याला आजही वेगळा मान असतो.

एवढी थट्टा चालत असली तरी दोन गोष्टींपाशी ती थांबली पाहिजे. पहिली ब्रेक आणि टायरची. "ब्रेक लागतात, पण विचार करून," हा विनोद ऐकायला बरा. त्या गाडीत घरची मुले बसणार असतील तर आधी ब्रेक दुरुस्त व्हावेत, हशा मागाहून. दुसरी गोष्ट कागदांची. "नाव काय, सावकाश बदलू," हे वाक्य या मंडळींतही सर्रास ऐकू येते, आणि तेथेच विकणाऱ्याचे घर बुडू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ व ३० आहेत. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, परंतु नोंदणी पहिल्याच्याच नावे राहिली होती. २००९ मधील अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावर ठेवली. गाडी हातची गेली होती, पैसे केव्हाच खर्च झाले होते. जबाबदारी मात्र नावावर शिल्लक होती.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे एक उत्तर येथे आहे. परराज्यातली गाडी घेताना तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि आपल्या राज्याचा कर हेही हिशेबात धरावे, नाही तर स्वस्ताई कागदावरच राहते.

घरातला मुलगा किंवा मुलगी पहिली गाडी जुनी घेऊ म्हणत असेल, तर वडीलधाऱ्यांनी नाक मुरडू नये. त्यांना अशा जाणत्यांबरोबर दोन रविवार बसू द्यावे. मग गाडी पाहायला गेल्यावर विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा, "हिच्यात काय काय बिघडलेले आहे?" तो सांगेल ते सारे पावतीवर लिहून घ्यावे, गाडी ताब्यात घेतल्याची तारीख व वेळ टाकावी, दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि नमुना २९ व ३० वर त्याच बैठकीत सह्या करून मगच किल्ली हाती घ्यावी.