यंत्र लिहितं, पण बोल आपले हवेत



गटाच्या बैठकीत आता इतिवृत्ताच्या वहीशेजारी मोबाइलही ठेवलेला असतो. ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा असो, महिला सभेत बोलायचं असो, नाहीतर लोणच्याच्या बरणीवर चार ओळी छापायच्या असोत, कुणीतरी म्हणतंच, "एआयला सांगा की, ते लिहून देईल." चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. पुढे व्हॉट्सअ‍ॅपमध्येच मेटा एआय आलं. मराठीत बोललं तरी त्याला कळतं, आणि मिनिटभरात पानभर मजकूर हातात येतो.

मजकूर दिसतो छान. मोठ्याने वाचला की मात्र बायका एकमेकींकडे बघतात. 'हे आपण कुठं बोललो?' असं वाटतं. यावर हल्ली एक उपाय सांगतात. यंत्राला म्हणायचं, 'हृदयचक्रातून लिही', म्हणजे लिखाण मनापासूनचं वाटेल. या उपायात कामाचं काय आहे आणि फसवं काय आहे, ते आज आपण समजून घेऊ.

आधी यंत्राचं काम बघू. माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर वापरून त्याला शिकवलेलं असतं. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे ते त्यातून शिकतं आणि शब्दाला शब्द जोडत जातं. आपली वाडी त्याने पाहिलेली नाही, आपला हंडा उचललेला नाही. त्यातून इंटरनेटवर इंग्रजी मजकूर भरपूर आणि मराठी त्या मानाने थोडा. म्हणून त्याची मराठी पुष्कळदा भाषांतरासारखी किंवा सरकारी पत्रकासारखी येते. 'सक्षमीकरणाचा प्रवास', 'आशेचा किरण', 'भीषण समस्या' हे शब्द कुठल्याही गावाला चालतात, म्हणून ते आपल्या गावाचे वाटत नाहीत.

त्याला 'हृदयचक्रातून लिही' म्हटलं तर काय होतं? हृदय या शब्दाच्या आसपास लोक जे शब्द वापरतात, ते यंत्र आणून ठेवतं. डोळ्यांत पाणी येतं, ऊर भरून येतो, मातीचा सुगंध दरवळतो. मजकूर गोड होतो, पण त्यात खरी माहिती एक दाणाही वाढत नाही. खरं वाटणं आणि खरं असणं यात अंतर आहे. खाली सह्या आपल्या असतात, त्यामुळे हे अंतर आपल्यालाच महागात पडतं.

मग चक्रांचा काही उपयोगच नाही का? आहे. पण ती यंत्राला न सांगता स्वतःला विचारायची.

चक्रांची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. बंगालमधल्या पूर्णानंदांनी सोळाव्या शतकात 'षट्चक्रनिरूपण' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ मध्ये तो इंग्रजीत आणला, आणि तिथून चक्रं जगभर पोहोचली. आज चित्रांत इंद्रधनुष्याचे सात रंग दिसतात, ती मांडणी अलीकडची आहे. जुन्या ग्रंथात हृदयातलं कमळ लाल आहे, हल्लीच्या चित्रात ते हिरवं असतं. पण त्या ग्रंथात लिहिणाऱ्यांच्या कामाची एक गोष्ट आहे. मूलाधाराला चार पाकळ्या, स्वाधिष्ठानाला सहा, मणिपुराला दहा, अनाहताला बारा, विशुद्धाला सोळा आणि आज्ञेला दोन. बेरीज होते पन्नास. प्रत्येक पाकळीवर वर्णमालेतलं एक अक्षर आहे. म्हणजे सगळी अक्षरं माणसाच्या देहातच बसलेली आहेत, अशी ही कल्पना.

कीर्तनात आपण चार वाणी ऐकल्या आहेत. नाभीत परा, हृदयात पश्यंती, कंठात मध्यमा आणि मुखात वैखरी. शब्द तोंडातून बाहेर पडण्याआधी आतून इतका वर येतो. यंत्राकडे फक्त शेवटची वैखरी आहे. आधीच्या तीन पायऱ्या आपल्यालाच चढाव्या लागतात.

लिहायला दुसऱ्याची मदत घेणं यात कमीपणा नाही. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये नेवाशाला सांगून झाली. ज्ञानेश्वर बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं. याच ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन आहे. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. घरच्या माणसांनी त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या आणि त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. लिहिणाऱ्यांनी त्यांची खानदेशातली बोली तशीच ठेवली, म्हणून आजही वाचताना बाई बोलतेय असं वाटतं. चांगला लेखनिक ऐकतो ते लिहितो. यंत्र मात्र न ऐकलेलंही भरतं. म्हणून त्याच्या कागदावर आपल्याला पहारा ठेवावा लागतो.

त्या पहाऱ्याचे सात थांबे आहेत. उदाहरणासाठी समजा, वाडीतला हातपंप बंद आहे आणि ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा आहे. यंत्राने लिहून दिलं: 'आमच्या गावातील महिला पाण्याच्या भीषण समस्येला सामोऱ्या जात असून त्यांचे जीवन अत्यंत खडतर बनले आहे. तरी आपण योग्य ती कार्यवाही करावी.' आता हा कागद घेऊन खालून वर जाऊ.

पहिला थांबा मूलाधार, म्हणजे आपली बैठक. त्याचं तत्त्व पृथ्वी. प्रश्न: या कागदाला माती लागली आहे का? वाडीचं नाव, घरांची संख्या, पंप कुठे आहे, कोणत्या तारखेपासून बंद आहे. वरच्या अर्जात यातलं काहीच नाही. तो कुठल्याही तालुक्यात खपेल.

दुसरा थांबा स्वाधिष्ठान, ओटीपोटाशी. तत्त्व पाणी. प्रश्न: आपल्याला नेमकं हवं काय? 'योग्य ती कार्यवाही' ही मागणी नव्हे. पंप दुरुस्त हवा की तोवर टँकर हवा? किती दिवसांत हवा? मागणी एका वाक्यात सांगता आली नाही, तर आधी बैठकीत बोलून घ्यायचं आणि मगच मोबाइल हातात घ्यायचा.

तिसरा थांबा मणिपूर, बेंबीपाशी. तत्त्व अग्नी. पोट आणि कष्ट इथले. प्रश्न: आपण काय केलं आणि आपल्याला काय पडतं? तोंडी तक्रार कधी केली, कुणाकडे केली, पाणी आणायला रोज किती वेळ जातो, त्यापायी मजुरीचे किती दिवस बुडाले. यंत्राच्या कागदावर बाई नुसती सोसणारी दिसते. खरी बाई तक्रार करते, हिशेब ठेवते, वर्गणीही काढते. ते कागदावर आलं पाहिजे.

चौथा थांबा अनाहत, हृदयापाशी. तत्त्व वायू. अनाहत म्हणजे न वाजवता उमटणारा नाद. प्रश्न: हे दुःख खरंच कुणाचं आहे, आणि तिला विचारलं आहे का? यंत्राने घातलेले अश्रू काढून टाका. एखादीची हकिगत घालायची असेल, उदाहरणार्थ गरोदरपणात दुरून पाणी आणावं लागणं, तर आधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर नको. दुसरीचं दुःख उसनं घेऊन कागद जड करू नये.

पाचवा थांबा विशुद्ध, कंठापाशी. तत्त्व आकाश. प्रश्न: हे मोठ्याने वाचताना जीभ कुठे अडते? जिथे अडते तो शब्द आपला नाही. 'सामोऱ्या जात असून' च्या जागी 'हाल होतात' म्हणा. 'खडतर' म्हणायची सवय नसेल तर नका म्हणू. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जी आपली बोली असेल तिचा एखादा शब्द भाषणात राहिला तर बिघडत नाही. अर्ज प्रमाण मराठीत असला तरी वाक्य आपल्या श्वासाएवढं असावं.

सहावा थांबा आज्ञा, दोन भुवयांच्या मध्ये. पाकळ्या दोनच. आपण त्या 'खरं' आणि 'खोटं' अशा लक्षात ठेवू. प्रश्न: कागदावरचा प्रत्येक आकडा, तारीख, योजनेचं नाव आणि कायद्याचं कलम तपासलं का? यंत्र चुकीची माहितीही ठाम सुरात लिहितं. नसलेलं कलम लिहील, योजनेचे निकष उलटसुलट करील. कर्जाच्या किंवा पेन्शनच्या अर्जात उत्पन्नाचा आकडा चुकला तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि चौकशी सहीवालीची होते. 'मला एआयने लिहून दिलं' हे उत्तर कुठल्याही टेबलावर चालत नाही.

सातवा थांबा सहस्रार, टाळूवर. इथे एकटीपण संपतं असं मानतात. प्रश्न: हा कागद सगळ्यांचा झाला का? सही किंवा अंगठा घेण्याआधी तो सगळ्यांना वाचून दाखवायचा. वाचता न येणाऱ्या ताईला विचारायचं, "ताई, यात काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा." तिला सांगता आलं, तर कागद तिचा. नाही आलं, तर अजून सही घ्यायची नाही.

सात थांबे झाल्यावर आपल्या उदाहरणातला अर्ज साधारण असा होईल: 'आमच्या वाडीत ४३ घरे आहेत. शाळेजवळचा हातपंप १२ मार्चपासून बंद आहे. २० मार्चला आम्ही पंचायतीत तोंडी तक्रार केली. सध्या दीड किलोमीटरवरच्या विहिरीवरून पाणी आणतो, त्यात रोज तीन तास जातात. पंप आठ दिवसांत दुरुस्त करावा आणि तोवर एक दिवसाआड टँकर द्यावा, ही विनंती.' यात एकही सजवलेला शब्द नाही, पण वाचणाऱ्याला उत्तर द्यावंच लागेल. अर्जाची प्रत ठेवा आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्या. पंचायतीने दाद दिली नाही तर हाच विषय ग्रामसभेत मांडा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, हे महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. त्या सभेत हा कागद वाचायला कुणीही उभी राहू शकते, कारण त्यात परकं काही नाही.

मग यंत्राचं काम कोणतं? आधी आपण बोलायचं. बैठकीत एकीने मोबाइलवर बोलून टाइप करण्याची सोय सुरू करावी आणि बाकीच्यांनी वरच्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत. मग यंत्राला सांगायचं, 'हे आमचं बोलणं आहे. यात नवीन माहिती, आकडे किंवा भावना घालू नकोस. फक्त क्रमाने लाव, शुद्धलेखन सुधार आणि अर्जाच्या नमुन्यात बसव.' असं बजावलं की यंत्र लेखनिकाच्या बरंच जवळ येतं. तरीही आलेला कागद पुन्हा सात थांब्यांवरून न्यायचाच. आधार क्रमांक, बँक खातं, ओटीपी, कुणाचा आजार किंवा घरातली भांडणं यंत्रात टाकायची नाहीत. ती माहिती शेवटी हाताने भरायची.

हे सगळं लक्षात कसं राहणार? त्यासाठीच चक्रं. बैठक, ओटीपोट, बेंबी, हृदय, कंठ, भुवया, टाळू. एकेका जागेवर हात ठेवला की तिथला प्रश्न आठवतो: माती, मागणी, कष्ट, दुःख, बोली, खरंखोटं, सगळ्यांचं. ही पूजा नाही आणि उपचारही नाही. आपल्या गटांत बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती, आदिवासी मैत्रिणी आहेत. कुणाला चक्रांची नावं परकी वाटली तर नावं सोडून द्या आणि सात प्रश्न ठेवा. देह सगळ्यांचा सारखाच आहे.

एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. एवढं सगळं आपणच करायचं तर यंत्र हवं कशाला? ज्या ताईने कधी अर्ज लिहिला नाही, तिला कोऱ्या कागदाची भीती वाटते. यंत्रामुळे कागद कोरा राहत नाही. नमुना माहीत नसेल तर तो कळतो, शुद्धलेखनाची धास्ती जाते, लिहून देणाऱ्याच्या दारात ताटकळावं लागत नाही. हा फायदा मोठा आहे आणि तो जरूर घ्यावा. त्या बदल्यात आपलं बोलणं मात्र देऊन टाकायचं नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत आणि परतफेडीच्या नोंदी झाल्या की दहा मिनिटं काढा. गटाचा एखादा जुना कागद घ्या, यंत्राने लिहिलेला असो वा माणसाने, आणि सातही प्रश्न एकेकीने विचारा. कुठल्या थांब्यावर कागद अडला, ते वहीत लिहून ठेवा. नवा अर्ज लिहिताना सुरुवात तिथूनच करा.