आठशे कोटी वर्षांपूर्वीची कुजबुज

नाशिकहून पुण्याकडे निघालेला प्रवासी संगमनेर, आळेफाटा ओलांडून नारायणगावला पोहोचतो. तिथून पूर्वेला खोडदच्या शिवारात जाळीदार तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. ही जीएमआरटी, महाकाय रेडिओ दुर्बीण. अतिदूरच्या हायड्रोजनचा आवाज टिपण्याच्या ध्यासातून ती जन्मली, आणि त्या आवाजाने तिला दशकानुदशके हुलकावणी दिली.

ध्यास होता रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांचा. ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ लहान तबकड्या त्यांनी १९६५ साली कल्याणला उभ्या केल्या. १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण साकारली. पुढची झेप मोठी होती आणि पैसा तुटपुंजा. तेव्हा पोलादी दोर ताणून त्यांवर तारांची जाळी बसवायची, अशी हलकी आणि स्वस्त रचना त्यांनी योजली. वारा जाळीतून आरपार निघून जाई आणि रेडिओ लहरी मात्र परावर्तित होत.

ताऱ्यांचा मूळ कच्चा माल म्हणजे हायड्रोजन. त्याचे अणू थंड होऊन रेणू बनतात, रेणूंचे ढग आकसतात आणि त्यांतून तारे उजळतात. हा अणू २१ सेंटीमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. ती १९५१ साली प्रथम टिपली गेली. आरंभीच्या विश्वात अशा वायूचे प्रचंड ढग असावेत, असे १९८० च्या दशकात अनेकांना वाटे. तेच शोधायला जीएमआरटी सज्ज झाली.

पण ढग सापडलेच नाहीत. दीर्घिका अजस्र ढग फुटून घडल्या नाहीत, लहान तुकडे जुळत त्या वाढल्या, हे मत पुढे बळावले. ज्या लक्ष्यावर नेम धरला होता, ते लक्ष्यच विरून गेले. स्पंदक ताऱ्यांपासून दीर्घिकासमूहांपर्यंत दुर्बिणीने नाव कमावले. दूरचा हायड्रोजन तेवढा गप्प राहिला.

त्याचे मौन समजण्यासारखे होते. एका अणूला ही लहर सोडायला सरासरी एक कोटीहून अधिक वर्षे लागतात. दूरच्या दीर्घिकेतले असंख्य अणू एकत्र बोलले, तरी इथे पोहोचेपर्यंत त्यांचा आवाज गोंगाटात बुडून जातो.

मग वाट बदलली. वारीत दूरवरच्या एका टाळाचा नाद ऐकू येत नाही. हजारो टाळ एकाच ठेक्यावर पडले, तर माळ दुमदुमतो. तशाच हजारो दीर्घिकांच्या लहरी एकमेकींवर रचायच्या! मात्र ठेका आधी ठाऊक हवा. हवाईतील केक दुर्बिणीने केलेल्या सर्वेक्षणामुळे विश्वाच्या प्रसरणाने प्रत्येक दीर्घिकेची लहर किती ताणली गेली असेल, हे कळत होते. २०१६ साली संशोधक निस्सीम काणेकर, शिव सेठी आणि के. एस. द्वारकानाथ यांनी ८५७ दीर्घिकांच्या नोंदी अशा रचल्या. तरीही सारे निःशब्द! वायू अमुक इतक्याहून जास्त नसावा, एवढेच हाती लागले.

दरम्यान जीएमआरटीचा कायापालट घडत होता. तबकड्या त्याच राहिल्या, त्यांचे कान बदलले. पूर्वी एका वेळी जेमतेम ३२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ऐकू येई. आता ४०० मेगाहर्ट्‌झचा विस्तार खुला झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधक विद्यार्थी आदित्य चौधुरी, त्यांचे मार्गदर्शक काणेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील सेठी व द्वारकानाथ पुन्हा त्याच आकाशाकडे वळले. निरीक्षणे सुमारे १०० तासांची, दीर्घिका ७,६५३. एकेकीचा क्षीण संकेत ठेक्यावर आणून ते रचत गेले. गोंगाट आपोआप एकमेकाला खोडत गेला, आणि एकत्रित प्रतिमेच्या ऐन मध्यावर एक ठिपका उजळला. जिथे हायड्रोजन बोलायला हवा होता, नेमका तिथेच तो बोलला होता!

सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या त्या लहरींनी एक जुने कोडे उलगडले. त्या दीर्घिकांत ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाहून अधिक अणुरूप हायड्रोजन होता. पण तारे इतक्या झपाट्याने जन्मत होते की, नवी भर न पडल्यास तो साठा एक-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. विश्वातील ताऱ्यांचा बहर पुढे का ओसरला, याचे उत्तर त्या रिकाम्या होत चाललेल्या कोठारात होते.

हे संशोधन १४ ऑक्टोबर २०२० रोजी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या ३७ दिवस आधी, ७ सप्टेंबरला, गोविंद स्वरूप यांनी पुण्यात डोळे मिटले होते. त्यांनी कल्पिलेले ढग कधीच सापडले नाहीत. पण त्या ढगांसाठी ताणलेल्या दोरांनी, त्याच जाळीने अखेर तो हायड्रोजन ऐकला. पुढे याच चमूतील काहींनी निरीक्षणे ५१० तासांपर्यंत आणि दीर्घिका ११,४१९ पर्यंत नेल्या. खोडदच्या शिवारात तबकड्या अजून कान लावून उभ्या आहेत.