एकट्या प्रोग्रामरने पेटंट घ्यावे काय?

१९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिजिकॅल्क’ हे स्प्रेडशीटचे सॉफ्टवेअर बाजारात आणले, तेव्हा पेटंट मिळण्याची शक्यता अत्यल्प असल्याचा वकिली सल्ला मिळाल्याने त्यांनी अर्जच केला नाही; आणि १९८३ मध्ये आलेल्या ‘लोटस १-२-३’ने त्यांची बाजारपेठ काबीज केली. तरीही, माझ्या मते, स्वतंत्र प्रोग्रामरने आपले तुटपुंजे भांडवल पेटंटापायी खर्ची घालू नये. कारण ते लाभले तरी धनाढ्य कंपनीविरुद्ध वर्षानुवर्षे दावा चालविण्याची ऐपत त्याच्यापाशी क्वचितच असते. भारतात तर १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक-प्रोग्राम व अल्गोरिदम यांना पेटंट नाकारतेच. प्रत्यक्ष लिहिलेल्या कोडला मात्र कॉपीराइटचे संरक्षण नोंदणीवाचूनही, लेखकाच्या हयातीत व तदनंतर ६० वर्षे, लाभते.