‘चालकाचा ताबा सुटला’ म्हणून विषय संपत नाही

हिंगोली जिल्ह्यातील गुंज (ता. वसमत) गावच्या मजूर महिला ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी शेतकामासाठी निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात त्यांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. ७ महिलांचा मृत्यू झाला. सरकारी मदत जाहीर झाली आणि बातम्यांत कारण एका ओळीत आलं: चालकाचा ताबा सुटला.

चालकाची चूक असेल तर कायदा त्याचं काम करेल. पण एका माणसाच्या क्षणभराच्या चुकीने सात जीव जावेत, इतकी कच्ची व्यवस्था का आहे, हा प्रश्न कोर्टात सुटणारा नाही.

विमानात सापडलेलं उत्तर

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे तरबेज वैमानिक जमिनीवर उतरल्यावर पंखांच्या झडपा मिटवण्याऐवजी चुकून चाकंच आत घेत. विमान पोटावर आपटायचं. आल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखेच! त्यांनी एका खटक्याला चाकाचा, दुसऱ्याला झडपेचा आकार सुचवला. हाताला फरक कळू लागला. वैमानिक तेच राहिले, बदलला तो खटका. माणूस चुकणारच, हे धरून यंत्र बनवायचं, हा विचार अशा कामातूनच रुजला.

आता ट्रॅक्टरकडे बघा

ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकासाठी ब्रेकचे दोन वेगळे पेडल असतात. शेतात जागच्या जागी वळायला ते सोयीचं आहे. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खटक्याने जोडून घ्यावे लागतात. ते विसरलं आणि घाईत एकच पेडल दाबलं, तर ट्रॅक्टर झटकन त्या बाजूला वळतो. म्हणजे सगळी भिस्त चालकाच्या आठवणीवर!

ट्रॉली मालासाठी बनवलेली असते. बसायला जागा नाही, धरायला काही नाही. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकही नसतो, त्यामुळे उतारावर ट्रॉलीचं वजन ट्रॅक्टरला मागून ढकलतं. त्यात वाट ओली आणि बाजूला जमिनीच्या बरोबरीची, कठडा नसलेली विहीर असेल, तर चाक हातभर सरकलं तरी अडवणारं काहीच उरत नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांचं म्हणणं चाळणीच्या उदाहरणाने समजेल. एकामागे एक चाळण्या धरल्या तर एकीचं भोक दुसरी झाकते. सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात होतो. चालक ही त्यातली फक्त एक चाळणी. बाकीच्या चाळण्या आपण लावल्याच नाहीत, तर दोष एकट्या त्याचा कसा?

बदल होतो

स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरला संरक्षक सांगाडा सक्तीचा केला. ट्रॅक्टर त्यानंतरही उलटले, पण चालक खाली चिरडून मरण्याचं प्रमाण खूप घटलं. आपल्याकडे मुलं उघड्या बोअरवेलमध्ये पडू लागली तेव्हा सर्वोच्च न्यायालय ‘आईबापांनी लक्ष ठेवावं’ एवढ्यावर थांबलं नाही. २०१० मध्ये कुंपण घालण्याचे आणि बंद बोअर बुजवण्याचे निर्देश दिले.

गावात काय करता येईल?

- वाटेलगतच्या विहिरींची यादी ग्रामसभेत करा. कठडा होईपर्यंत निदान मोठे दगड किंवा मातीचा बांध तरी घाला.
- शेतातून रस्त्यावर येताना ब्रेकचे पेडल जोडले का, हे रोज बघा.
- मजुरांना आसनं असलेल्या गाडीतून न्या. तो खर्च मजुरीतून कापू नका.
- कुणी थोडक्यात वाचलं तर ते लपवू नका. पुढचा अपघात कुठे होणार, हे त्यातूनच कळतं.

ट्रॉलीत चढणारी बाई गाडी निवडत नाही. ती ज्याच्या शेतात जाते आणि जो तिला नेतो, ते निवडतात. म्हणून पहिली जबाबदारीही त्यांचीच आहे.