दोनशे मिनिटं आणि पाच उंच पोरं

बास्केटबॉलच्या कोचकडे एका सामन्यात वाटायला नेमकी २०० मिनिटं असतात. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे ४० मिनिटं, आणि कोर्टवर एका वेळी पाच जण. संघात मात्र १२ पोरं, आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याला निदान तीस मिनिटं मिळायलाच हवीत. ती मागणी ३६० मिनिटांवर जाते. उरलेल्या १६० मिनिटांसाठी जगभरातले कोच शिव्या खातात, चेन्नईतलेही.

चेन्नईत जरा जास्तच. तिथे कॉलेजचा बास्केटबॉल म्हणजे संध्याकाळचा विरंगुळा नव्हे. तमिळनाडूत इंजिनिअरिंगच्या प्रवेशात खेळाडूंसाठी वेगळ्या जागा असतात. पुढे इंडियन ओव्हरसीज बँक, इंडियन बँक, दक्षिण रेल्वे, पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी हे सगळे स्वतःचे संघ बाळगून आहेत. कॉलेजात मिळालेली मिनिटं उद्याच्या नोकरीच्या अर्जाला चिकटलेली असतात. म्हणून तर तिकडे शिकायला गेलेल्या पोराला पुण्याहून आई फोनवर जेवणाचं विचारून झालं की लगेच विचारते, "आणि आज किती वेळ खेळवलं रे सरांनी?"

खरी भाकरी १२० मिनिटांची

पाच जागांपैकी १ आणि २ नंबर गार्डचे. ३ आणि ४ नंबर फॉरवर्डचे, ५ नंबर सेंटरचा. कॉलेजच्या संघात मात्र फॉरवर्ड आणि सेंटर यांच्यातली भिंत कच्ची असते. सेंटर दमला की चार नंबरवाला आत सरकतो, त्याच्या जागी तीन नंबरवाला. म्हणजे या तीन जागांची मिळून १२० मिनिटं एकाच टोळीत वाटली जातात. टोळीत पाच उंच पोरं असतील तर सरासरी २४ मिनिटं येतात. प्रत्यक्षात दोघं तीस-बत्तीस ढापतात आणि पाचवा शेवटपर्यंत ट्रॅकसूट घालून टाळ्या वाजवतो.

फॉरवर्डची फळी किती दमदार, हे उंची मोजून कळत नाही. साडेसहा फुटांची तीन पोरं आहेत म्हणून खूश झालेला कोच पहिल्याच दमट संध्याकाळी तोंडावर आपटतो. चेन्नईच्या हवेत घाम सुकत नाही, नुसता वाहतो. उघड्या कोर्टवर दिव्यांखाली सामना असला की तिसऱ्या क्वार्टरला उंच पोरांचे पाय पहिले जड होतात, कारण धक्काबुक्की आणि उड्या सगळ्या त्यांच्याच वाट्याला. तेव्हा चौथा फॉरवर्ड कोण आहे, यावर सामना फिरतो.

लाल पाटीची दहशत

स्कोअररच्या टेबलावर पाच पाट्या असतात. खेळाडूने फाऊल केला की तो त्याचा कितवा, त्या आकड्याची पाटी वर होते. १ ते ४ हे आकडे काळे, ५ चा लाल. लाल पाटी दिसली की गडी त्या सामन्यापुरता संपला आणि ३० सेकंदांत बदली खेळाडू आत यायला हवा.

सगळ्यात जास्त भीती या पाटीची फॉरवर्डला, कारण रिंगखाली हात, कोपर, कंबर सगळंच कोणाला तरी लागतं. पहिल्या क्वार्टरला दोन फाऊल झाले की बहुतेक कोच त्याला बाकावर बसवतात. गंमत बघा: नंतर बाहेर बसावं लागू नये म्हणून आत्ताच बाहेर बसवायचं! शिक्षा होईल या भीतीने आधीच शिक्षा भोगून घ्यायचा हा प्रकार. माझ्या मते यात पोराचं नुकसान जास्त. चार फाऊल खाऊनही डोकं शांत ठेवून खेळता येणं ही एक कला आहे, आणि ती बाकावर बसून येत नाही.

पंधरा रिबाउंडचा भुलभुलैया

समजा, पहिल्या फॉरवर्डने ३० मिनिटांत ९ रिबाउंड घेतले आणि राखीव पोराने ८ मिनिटांत ३. चाळीस मिनिटांच्या मापात पहिल्याचे १२ होतात, राखीवाचे १५. झालं! कॉलेजच्या कट्ट्यावर लगेच बोंबाबोंब: सर चुकीच्या पोराला खेळवतात.

आता त्याच राखीवाचे त्याच ८ मिनिटांतले फाऊल बघा. तीन असले, तर या वेगाने तो १३ मिनिटं २० सेकंदांत लाल पाटीला भेटणार. उरलेल्या जवळजवळ सत्तावीस मिनिटांत तो पंधरा काय, एकही रिबाउंड घेणार नाही. शिवाय ती आठ मिनिटं समोरच्या संघाचेही राखीवच कोर्टवर असताना मिळालेली असतात.

दुसरं माप अधिक-उणे. पोरगं कोर्टवर असताना आपण किती गुण केले आणि किती दिले, त्यातला फरक. ज्याच्या नावावर बास्केट नाही, पण जो अंग मधे घालून समोरच्याला रिंगपासून लांब ठेवतो, तो इथे उजेडात येतो. एका सामन्यात मात्र हे माप थापाडं असतं. भारी गार्डच्या सोबत पाच मिनिटं मिळाली की लंगडाही अधिकात.

कागदावर एक फुली

आता खरी चटपटीत गोष्ट. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अधिकृत स्कोअरशीटवर खेळाडूच्या नावापुढे एक छोटा चौकोन असतो. तो कोर्टवर उतरला की त्यात फुली. सुरुवातीच्या पाचांच्या फुलीभोवती वर्तुळ. बस्स! कोण किती मिनिटं खेळला, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. एकोणचाळीस मिनिटं झिजलेला आणि शेवटचे नऊ सेकंद पाणी पिता पिता आत गेलेला, दोघांची फुली सारखीच. मोठ्या स्पर्धांत संगणकावर मिनिटांची नोंद होते. बाकी ठिकाणी बाकाच्या टोकाला वही घेऊन बसलेला सहायक हाच काय तो इतिहासकार.

आणि म्हणून वर्तुळवाल्या पाच फुल्यांना फार मान देऊ नये. सुरुवातीचे पाच हा बराचसा मानपानाचा भाग. खरी परीक्षा शेवटच्या दोन मिनिटांची. चौथ्या क्वार्टरच्या त्या टप्प्यात बास्केट पडली की घड्याळ थांबतं आणि ज्यांच्यावर पडली त्यांना गडी बदलता येतो. बचावाला एक फॉरवर्ड, फ्री थ्रो मारायला दुसरा, अशी ये-जा सुरू होते. तेव्हा कोच ज्याच्याकडे मान वळवतो, तो त्याचा खरा फॉरवर्ड.

एकदा बाहेर, कायमचा बाहेर

आज गडी कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. पूर्वी तसं नव्हतं. अमेरिकेतल्या नियमांत १९२० पर्यंत बाहेर गेलेला खेळाडू परत येऊच शकत नसे. मग एकदा यायची मुभा मिळाली, नंतर दोनदा, आणि १९४४-४५ पासून हवं तितक्यांदा. म्हणजे 'राखीव फळी' नावाची चैन तशी अलीकडचीच.

खेळच १८९१ चा. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला जेम्स नेस्मिथने वर्गातली १८ पोरं नऊ-नऊ अशी वाटून खेळवली. बाकावर एकही नाही! पहिल्या सामन्यातल्या दोन कर्णधारांपैकी एक, डंकन पॅटन, पुढे मिशनरी म्हणून भारतात आला आणि १८९४ मध्ये हा खेळ त्याने इथे आणला. त्याच स्प्रिंगफिल्डच्या संस्थेत शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. आज ते नंदनमला आहे. बक १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय चमू घेऊनही गेले होते.

शंभर टक्के चेन्नई

मुलींच्या बाजूला या शहराचं खातं भक्कम. चेन्नईची अनिता पॉलदुराई १९ व्या वर्षी भारताची कर्णधार झाली, नऊ आशियाई अजिंक्यपद स्पर्धा खेळली आणि २०२१ मध्ये पद्मश्री. केरळची सहा फूट दोन इंचांची गीतू ॲना जोस दक्षिण रेल्वेकडून खेळायला चेन्नईत आली, ऑस्ट्रेलियात लीग खेळली आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या तीन डब्ल्यूएनबीए संघांच्या चाचण्यांना गेली. २००९ ची महिलांची आशियाई स्पर्धाही चेन्नईतच झाली, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर. मुलगेही मागे नाहीत: एप्रिल २०२२ मध्ये ७१ वी वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा चेन्नईत भरली आणि तमिळनाडूच्या पुरुषांनी घरच्या कोर्टवर करंडक उचलला.

बाकावरून थेट लॉटरी

कमी मिनिटं मिळतात म्हणून हिरमुसणाऱ्या पोरांना केंटकी विद्यापीठाचा २०१४-१५ चा मोसम सांगावा. कोच जॉन कॅलिपरी यांच्याकडे इतकी गुणी पोरं जमली की त्यांनी दहा जणांच्या दोन पलटणी केल्या आणि आळीपाळीने उतरवल्या. ओळीने ३८ सामने जिंकले, ३९ वा हरले. त्या संघातल्या कार्ल-अँथनी टाउन्सला सामन्यामागे सरासरी अवघी २१ मिनिटं मिळाली. त्याच वर्षी एनबीएच्या निवडीत पहिला नंबर त्याचाच. डेव्हिन बुकर तर अख्ख्या मोसमात एकदाही सुरुवातीच्या पाचांत नव्हता. तो तेराव्या क्रमांकावर उचलला गेला. याच निवडीत ५२ व्या क्रमांकावर पंजाबच्या सतनाम सिंगचं नाव पुकारलं गेलं.

एनबीएत तर बाकावरून येणाऱ्यासाठी स्वतंत्र पुरस्कारच आहे. १९८२-८३ ला तो सुरू झाला. पहिला मानकरी बॉबी जोन्स, पुढच्या दोन्ही वेळचा केविन मॅकहेल. तिन्ही वर्षी फॉरवर्डच! उलट टोकाला विल्ट चेंबरलेन. १९६१-६२ च्या मोसमात तो सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटं खेळला, आणि एनबीएचा सामनाच असतो ४८ मिनिटांचा. वरचं अर्धं मिनिट जादा वेळेतलं. त्याच्या राखीवाचं काय झालं असेल, देव जाणे.

आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे मिनिटभरात पाचच्या पाच गडी बदलायची पद्धत, म्हणजे समान वाटपाचं नंदनवन. आणि याच संघाच्या जॅक टेलरने २०१२ मध्ये एका सामन्यात ३६ मिनिटं खेळून १०८ वेळा चेंडू रिंगकडे फेकला आणि एकट्याने १३८ गुण केले. ठरवून मोडायला नियम लागतोच ना.

मराठी वाचकाला राखीव फळीचं हे गणित खो-खोतून पटकन उमगेल. बचावाची तिघांची पहिली तुकडी झटपट बाद झाली की प्रशिक्षकाच्या कपाळावर आठी पडते ती तिसऱ्या तुकडीकडे बघून.

कोचच नसेल तर?

तीन-तीन जणांच्या, अर्ध्या कोर्टवरच्या बास्केटबॉलमध्ये, जो टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आहे, संघ चौघांचा. तिघं आत, एक बाहेर. दहा मिनिटांचा किंवा २१ गुणांचा खेळ, आणि खेळ चालू असताना कोचने काही सांगायला बंदी. गडी बदलायला ना पंचांची परवानगी लागते, ना टेबलाची. चेंडू मेला की दमलेला बाहेर येतो, बाहेरच्याच्या हाताला हात लावतो आणि तो आत. कोणाला किती मिनिटं, हे चौघांनी आपसात मिटवायचं. एकमेव राखीव फॉरवर्ड असला आणि कोर्टवरचे तिघंही टाळी द्यायला येईनात, तर तक्रार ऐकायला तिथे सरही नसतात.